आई, तुम्ही ते शबानाला सांगितलंत

आई, तुम्हाला नेलं त्या दुपारी शबाना माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली.

मला ते आवडलं नाही. घर बायकांनी भरलं होतं. मी पांढरी साडी नेसून तुमच्या उशाशी बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस येत नव्हता. वर्गात उभं राहून चेहरा सरळ ठेवायची सवय अशा वेळीही सुटत नाही. शबाना आली, दारातच तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि ओट्यावर जी बसली ती उठेचना. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. कोणीतरी तिला पाणी आणून दिलं. कळंबहून आलेल्या माझ्या काकूनं हळूच विचारलं, "ही पोरगी होय का बुढीची?"

"नाही. शेजारीण आहे. ब्लाउज शिवते," मी म्हटलं. ते इतक्या कोरड्या आवाजात म्हटलं की काकू माझ्याकडे पाहतच राहिली.

तुमच्यासाठी रडायचा पहिला हक्क माझा होता. लग्न होऊन तुमची सून म्हणून नेरला आले तेव्हापासून तुमच्यासोबत एका छपराखाली राहिले ती मी. तुमच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब टाकले ते मी. आणि तुमच्यासाठी पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेही मीच. हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही काय केलंत ते आता सांगते. तुम्ही मधे बोलू शकत नाही, म्हणून आज तरी माझं पूर्ण ऐका.

आपलं सुरुवातीला फार जमत नव्हतं. भांडण असं कधी झालं नाही, पण बोलणंही होत नव्हतं. तुम्ही अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून एकटीनं तुमचा मुलगा, प्रकाश, वाढवलेला. मी बी.एड. करून आलेली, मराठीची शिक्षिका. तुम्ही मला "मास्तरीण" म्हणायच्या, आणि त्यात कौतुक किती अन् टोमणा किती हे मला बरीच वर्षं कळलं नाही. मीठ संपलं, नळ आला, दूध नासलं, एवढ्यावर आपले दिवस निघत होते. मग तुम्हाला काचबिंदू झाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही, उरली ती सांभाळा. त्या संध्याकाळी मी शाळेतून येऊन चहा ठेवत होते, तेव्हा तुम्ही वाचनालयाचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि फक्त म्हणालात, "वाच."

रक्तपिशाचांची कादंबरी. मी मुखपृष्ठ पाहिलं आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. ती मालिका होती आणि पहिले दोन भाग तुमचे वाचून झाले होते. मागची गोष्ट मला कळावी म्हणून तुम्ही ती सांगायला बसलात. तुम्ही सलग इतकं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. "हा अधिराज. तीनशे वर्साचा हाय, पण दिसते पंचविशीतला. त्यायचं सगळं घराणंच रक्त पेते. अन् हे मृणाल. वैद्याची पोरगी. त्या घराण्याले शाप हाय, तो उतरवाले आली. आता याचं तिच्यावर मन बसलं. पण यानं हात लावला का ते मरते, असा शाप हाय. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं.

"रक्त पेते, पण पोट्टा लाजवट हाय," तुम्ही म्हणालात, जणू वस्तीतल्याच कोणाचं स्थळ सांगत होतात.

तिसऱ्या भागापासून मी वाचत गेले आणि संध्याकाळ आपली झाली. तुम्ही सुपात तूर घेऊन बोटांनी खडे शोधायच्या आणि मी वाचायची. मधेच तुमचा हात थांबायचा. "हे त्याची सावत्र माय काही तरी करन, पाहाय तू." आणि ती करायचीच. रक्तपिशाचांच्या सातही घराण्यांची लढाई झाली तेव्हा आपण दोघी इतक्या गुंतलो की भात करपला. प्रकाश एसटी डेपोतून आला, म्हणाला, "आज जेवाले काय रक्त हाय का?" तुम्ही हसलात, मीही हसले, आणि त्या घरात आपण एकाच गोष्टीवर हसलो असं बहुतेक पहिल्यांदाच झालं. शाळेत मुख्याध्यापकांशी बिनसलेलं, मूल होत नाही म्हणून नातेवाइकांनी विचारलेले प्रश्न, यातलं काहीही घेऊन घरी आले तरी सहा वाजता पुस्तक उघडलं की ते सगळं मागे राहायचं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते आता मानते.

सहाव्या भागाच्या शेवटी शाप उतरला. अधिराजनं मृणालच्या गालाला बोट लावलं आणि ती मेली नाही. तुम्ही सूप बाजूला ठेवलंत आणि पदरानं डोळे टिपलेत.

पण सातव्या भागात लेखिकेनं दार लावून घेतलं ते त्या दोघांना आत ठेवून. पानंच्या पानं तेच. आधीचे भाग लिहिणारी हीच का, असं मला वाटायला लागलं. आणि आई, मी ते तुमच्यासमोर कसं वाचणार होते? शेजारच्या खोलीत प्रकाश पंख्याचा स्क्रू पिळतोय, समोर सासू बसलीय, आणि मी काय वाचतेय, तर त्यानं तिच्या पाठीवरचे केस बाजूला केले आणि पुढचं सगळं. मी पानं उलटली आणि म्हटलं, "आणि मग सकाळ झाली. किल्ल्यावर तुतारी वाजली."

पुढच्या आठवड्यात परत तसंच झालं. तेव्हा तुम्ही खडा बाजूला टाकत म्हणालात, "लई लौकर सकाळ होते वं यायच्या गावात."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"पान उलटलं का एकदा आवाज येते. तुह्या हातून तीनदा येते. गाळून वाचून राह्यली तू."

"त्यात गोष्ट काही पुढे सरकत नाही, आई."

"गोष्ट सरकत नसन. मले आयकाचं हाय."

"मला नाही जमत."

"काहून? मी का लहान लेकरू आहो?"

मी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मला वाटलं, मिटलं.

ते कसं मिटलं होतं हे मला एका शनिवारी कळलं. सकाळची शाळा होती, दुपारी लवकर घरी आले. दाराला कडी. तुम्ही कुठे गेलात म्हणून घाबरून मागच्या अंगणात आले, तर भिंतीपलीकडून शबानाचा आवाज. भिंत कंबरेएवढीच. तुम्ही तिच्या बाजेवर बसलेल्या, ती शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर, आणि तिच्या हातात आपलं पुस्तक. मी गाळलेलं पान ती वाचत होती. मोकळ्या गळ्यानं, न अडखळता, भाजीचा भाव सांगावा तशी. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, असं कोणी करते का जी खरंच?" आणि तुम्ही तोंडाला पदर लावून असं हसलात की तुमचे खांदे हलले. मी ते हसू ओळखत नव्हते. माझ्यासमोर तुम्ही तसं कधीच हसला नव्हतात.

मी आत आले आणि भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छच होती.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. चावट पानं ऐकलीत याचा नाही. पुस्तक माझं होतं याचा. म्हणजे वाचनालयाचं होतं, पण तुमच्या-माझ्यातलं होतं. आपल्या दोघींत तेवढंच एक होतं, आणि त्यातलं निम्मं तुम्ही उचलून भिंतीपलीकडे दिलंत.

त्यानंतर काही आठवड्यांनी वाचनालयात बायकांची बैठक झाली. महिन्यातून एकदा व्हायची, एरवी सात-आठ जणी यायच्या. त्या दिवशी बसायला सतरंजी पुरली नाही, कारण विषय तोच होता: ह्या मालिकेचे पुढचे भाग वाचनालयानं घ्यायचे का. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या की ही पुस्तकं आता घरात उघडी ठेवायच्या लायकीची राहिली नाहीत, सून वाचतेय की नात हे बघत बसावं लागतं. त्यावर बांगड्यांच्या दुकानातली एक मुलगी उठली. "मी शाळा सोडल्यावर पुस्तक हातात धरलं नव्हतं, ह्याच मालिकेनं परत धरलं. आता लढाया कंटाळवाण्या होत्या म्हणून तिनं प्रेम लिहिलं तर तुमचं काय गेलं?" दोन्हीकडून आवाज चढले. कोणी म्हणालं, लेखिका खपासाठी लिहायला लागली. कोणी म्हणालं, इतकी वर्षं वाट बघायला लावल्यावर एवढं तर तिनं द्यायलाच पाहिजे.

मीही बोलले. माझं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. मी म्हटलं, प्रश्न चावटपणाचा नाही. पहिल्या भागात किल्ल्याखालचं एक गाव होतं, जिथून ह्या घराण्याला रक्त जायचं. ती माणसं कुठे गेली? शाप उतरला तो राजपुत्राचा, त्या गावाचा नाही. लेखिका त्यांना विसरली, कारण तिला आता पलंगावरून उठायचंच नाही.

बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. आणि मग माझ्या शेजारून तुम्ही, गुडघ्यावर हात टेकत, उठलात.

"हे माही सून," तुम्ही म्हणालात. "शिकेल हाय, ते म्हणते त्यात तथ्य असन. पण मी एक विचारतो. सहा भाग त्या दोघाईनं एकमेकाईले बोट लावलं नाही. पोरगी मरत मरत वाचली. तवा आपण सगळ्या रडलो. आता ते सुखात हायेत तं आपल्या पोटात काहून दुखते? मरण आयकाले लाज नाही वाटत, अन् सुख आयकाले वाटते, हे कसं?"

मग बांगड्यांच्या दुकानातली मुलगी टाळ्या वाजवायला लागली. भाग घ्यायचे ठरले.

पण मला लागलं ते तुमचं बोलणं नव्हे. नजर अधू झाल्यापासून बाहेर पडलात की तुम्ही माझं कोपर धरायच्या. त्या दिवशी पायऱ्या उतरताना तुम्ही हात पुढे केलात तो बैठकीला आलेल्या शबानाकडे. बसस्टँडच्या रस्त्यानं तुम्ही दोघी पुढे आणि मी मागून, पिशवीत तुमची पुस्तकं घेऊन. तुम्ही माझ्यावर रागावला होतात, की शबाना नुसती तुमच्या जवळ उभी होती म्हणून तिचा हात धरलात, हे मी तुम्हाला विचारणार होते. विचारलं नाही.

पुढे सवयीनं वाटणी झाली. लढाया, शाप, दरबार, कारस्थानं माझ्याकडे. बाकीचं दुपारी शबानाकडे. तुम्ही संध्याकाळी माझ्यासमोर बसायच्या तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं. मी विचारायची, "ही मृणाल आज एवढी खूश का?" आणि तुम्ही म्हणायच्या, "हाय काही तरी." शेवटी शेवटी दवाखान्यात नाकाला नळी असताना मी पुस्तक उघडलं, तर तुम्ही हातानं खूण करून थांबवलंत. "राहू दे. तू थकली. शबाना वाचन." तुम्ही माझी काळजी केली होतीत, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त दुसरं वाक्य ऐकू आलं होतं.

तुमचा जलदानविधी झाला, पाहुणे गेले. एक दिवस शबाना डब्यात शेवया घेऊन आली. मी चहा ठेवला. ती तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नव्हती, तरी तिचे डोळे भरून येत होते, आणि मला परत तेच झालं. मनात आलं, हिचं किती आणि माझं किती.

"भाभी," ती म्हणाली, "मावशीनं प्रकाशभाऊच्या बाबाचं किती सांगितलं जी. मले तं असं वाटते, मी त्यायले पाह्यलं होतं."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

आई, ह्या घरात त्या माणसाचं नाव कोणी घेत नव्हतं. कावीळ होऊन गेले तेव्हा प्रकाश रांगत होता, एवढंच मला माहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, ते कसे होते. तुम्ही म्हणालात, "झालं ते झालं," आणि उठून गेलात. प्रकाशनं लहानपणी विचारलं असेल आणि त्यालाही हेच मिळालं असेल, म्हणून त्यानं विचारणं सोडलं.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"मी वाचत जाओ. तसं पान आलं का मावशी म्हणत, थांब. मंग उगीच बसून राहत. मंग सांगत. ते कापसाच्या जिनिंगमधे होते ना. घरी येत तं डोक्यात, भिवयांत, मिशीत सगळा कापूस. मावशी समोर बसून एक एक काढे. कापूस सरला तरी ते उठत नाही. म्हणत, अजून हाय, पाहाय नीट. काहीच नसे जी. तरी मावशी काढतच राहे." शबाना बोलता बोलता लाजली. "मले वाटलं, तुम्हाले माहीत असन. घरचंच तं हाय."

"मला काहून नाही सांगितलं त्यांनी?" हे मी शबानाला विचारलं, पण विचारत तुम्हाला होते.

तिनं थोडा विचार केला. "तुमच्याजवळ ते पान येतच नव्हतं ना, भाभी."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. म्हणून ते जास्त खोल गेलं. मी म्हटलं, आणखी सांग. ती कपाची कड बोटानं पुसत राहिली. "थोडं हाय. पण ते प्रकाशभाऊले सांगतो मी. त्यायच्या बापाचं हाय, पहिले त्यायनं आयकाव."

मला तिला त्या क्षणी घराबाहेर काढावंसं वाटलं. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या सासऱ्यांचं काय कोणी आधी ऐकायचं हे ती ठरवत होती. पण ती बरोबर होती.

प्रकाश डेपोतून आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं की आईनं शबानाजवळ बाबांचं बोलून ठेवलंय. तो हाताचं ग्रीस साबणानं काढत होता. त्यानं परत साबण लावला, परत धुतला. म्हणाला, "बाबाचं?" मी म्हटलं, "हो." मग त्यानं नळ बंद केला.

रविवारी तो भिंतीपलीकडे गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. शबानाचा नवरा तिथेच पंपाच्या मोटारीची कॉइल भरत बसलेला, ती ब्लाउजला हूक लावत बोलत होती, आणि प्रकाश बाजेवर, खाली मान घालून. मधेच त्यानं मान वर केली आणि तो हसला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बराच वेळ बसून राहिला. शबाना हूक लावत राहिली. मी तिथे जाऊ शकत होते. कोणी अडवलं नसतं. पण मला कोणी बोलावलंही नव्हतं.

तो परत आला तो काही न बोलता. मीही विचारलं नाही. मला हवं होतं की त्यानं आपणहून सांगावं. शबानाला तुम्ही न विचारता सांगितलंत, तर मला माझ्या नवऱ्यानं न विचारता सांगावं, एवढं तरी माझ्या वाट्याला यावं.

आई, मालिकेबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. किल्ल्याखालच्या गावाचं काय झालं, हे लेखिकेनं अजून सांगितलेलं नाही आणि तुम्ही असतात तर आज संध्याकाळी आपलं त्यावरून परत वाजलं असतं. तुमच्यावरचा माझा रागही गेलेला नाही. तुम्ही माझ्या वाट्याला लढाया दिल्यात आणि सुख शेजारी नेऊन ठेवलंत. पण तुम्ही ते कुठे तरी ठेवलंत. तुमच्याबरोबर जाऊ दिलं नाहीत. शबाना नसती तर ते कोणाजवळच राहिलं नसतं, कारण मी पानं उलटत होते आणि तुमच्या मुलानं विचारणं सोडलं होतं.

काल जेवताना मी वांग्याची भाजी वाढायला गेले. प्रकाश वांगं खात नाही हे मला माहीत आहे, तरी घरात दुसरं काही नव्हतं. त्यानं ताट थोडं मागे घेतलं आणि म्हणाला, "बाबालेही नाही आवडे. आई वांगे करे तं ते कांदा-भाकर घेऊन ओट्यावर जाऊन बसत म्हणे."

पस्तिशी कधीच ओलांडलेला माणूस, पण "बाबा" हा शब्द त्यानं असा उच्चारला की जणू ते आत्ता ओट्यावरच बसले आहेत. मी उठले, कांदा फोडला, त्याच्या ताटात ठेवला.

"आणखी काय सांगितलं तिनं?" मी विचारलं. शेवटी मलाच विचारावं लागलं.

तो भाकरी मोडत सांगायला लागला.